लघवीच्या रिपोर्टवर ‘प्लस’ आला तर काय समजायचं? घाबरू नका, पण रिपोर्ट फेकूही नका

एकलहरे (ता. नाशिक) : औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागायचं असो, पोलीस भरतीची वैद्यकीय तपासणी असो, गरोदर बाईची महिन्याची फेरी असो नाहीतर गावातलं आरोग्य शिबिर, एक छोटी डबी हातात येतेच. लघवी भरून द्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर पीडीएफ येते. अंगात कसलाही त्रास नाही, जेवणखाण व्यवस्थित, आणि रिपोर्टवर मात्र एक-दोन ओळी ठळक अक्षरांत. ‘अल्ब्युमिन वन प्लस’. ‘पस सेल्स आठ ते दहा’. ‘ब्लड पॉझिटिव्ह’.

इथून पुढे लोकांच्या दोन तऱ्हा होतात. एक जण रात्रभर यूट्यूबवर ‘किडनी फेल होण्याची लक्षणं’ बघत बसतो आणि सकाळी मेडिकलवर जाऊन अँटिबायोटिकची स्ट्रिप मागतो. दुसरा म्हणतो, “काही नाही रे, उन्हाळी लागली असेल,” सब्जा घातलेलं पाणी पितो आणि रिपोर्ट डिलीट करतो. दोघंही चुकतात. लघवीचा एक बिघडलेला रिपोर्ट म्हणजे आजार नव्हे. तो एक प्रश्न आहे. त्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यांदा, नीट घेतलेल्या नमुन्यातून मिळतं. पण काही माणसांच्या बाबतीत तीच एक ओळ किडनी वाचवण्याची संधी असते, कारण किडनी बराच काळ न दुखता बिघडत राहते.

रिपोर्टमध्ये असतं काय?

रिपोर्टचे तीन भाग असतात. पहिल्यात लघवीचा रंग, गढूळपणा आणि दाटपणा. दुसरा भाग पट्टीचा. प्लॅस्टिकच्या पट्टीवर रंगीत चौकोन असतात, ती लघवीत बुडवली की चौकोनांचे रंग बदलतात आणि त्यावरून प्रोटीन, साखर, रक्त, कीटोन, बिलिरुबिन वगैरे ‘निल’, ‘ट्रेस’, वन प्लस, टू प्लस असं लिहिलं जातं. तिसरा भाग सूक्ष्मदर्शकाचा. लघवी यंत्रात फिरवून खाली बसलेला गाळ काचेवर घेतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. पस सेल्स म्हणजे पू-पेशी, आरबीसी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी, एपिथेलियल सेल्स म्हणजे कातडीच्या आणि मूत्रमार्गाच्या अस्तराच्या पेशी. आकड्यापुढे एचपीएफ लिहिलेलं असतं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या एका नजरेत एवढ्या पेशी दिसल्या.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की पट्टी हा ढोबळ अंदाज आहे. रंग बघून ठरवायचं असतं. ट्रेस आणि वन प्लस यांतला फरक कधी कधी बघणाऱ्याच्या डोळ्यावर आणि ट्यूबलाईटच्या उजेडावरही ठरतो.

ही विद्या तशी जुनी. मधुमेह हे नावच लघवीच्या गोडीवरून पडलं, लघवीला मुंग्या लागतात हे आयुर्वेदाच्या वैद्यांना ठाऊक होतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली. त्यावरून सूज, लघवीतलं प्रोटीन आणि खराब झालेली किडनी यांचा संबंध जुळला. आजची पट्टी तेच काम मिनिटभरात करते.

आधी डबीची चौकशी करा

रिपोर्ट बिघडला की पहिला संशय शरीरावर नाही, नमुन्यावर घ्यायचा. गावाकडे नमुना बिघडायच्या वाटा भरपूर.

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली विसळून तीत लघवी नेणारे आजही आहेत. सिरपचा गोडवा तळाशी राहिला तर साखर पॉझिटिव्ह येऊ शकते. बाटली ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली असेल तर साखर आणि रक्त दोन्ही खोटे पॉझिटिव्ह येतात. लॅबमधून किंवा मेडिकलवरून निर्जंतुक डबी घ्या. ती स्वस्त मिळते आणि पुढचा मनस्ताप वाचतो.

दुसरी वाट उशिराची. जाखोरी, कोटमगाव, हिंगणवेढे या बाजूच्या मळ्यातल्या वस्तीवरून सकाळी सहाला नमुना भरला, दूध घातलं, पोरांना शाळेत सोडलं आणि दुपारी बाराला नाशिकरोडच्या लॅबमध्ये डबी दिली, तोवर ती डबी गाडीच्या डिकीत उन्हात तापलेली असते. त्या वेळात जंतू वाढतात, पेशी फुटतात, असलेली साखर जंतू खाऊन टाकतात आणि लघवी अल्कधर्मी होते. अशी अल्कधर्मी लघवी पट्टीवर खोटं प्रोटीनही दाखवू शकते. नमुना एका तासात, फार तर दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. जमणार नसेल तर लॅबमध्ये जाऊनच लघवी द्या. पहाटेचीच लघवी हवी असेल आणि उशीर होणारच असेल तर झाकण घट्ट लावून डबी फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

तिसरी वाट म्हणजे लघवीची पहिली धार. तिच्यात बाहेरच्या कातडीवरचं सगळं वाहून येतं. म्हणून आधी साध्या पाण्याने जागा धुवायची, साबण किंवा डेटॉल नको. पुरुषांनी पुढची कातडी मागे घ्यायची. थोडी लघवी जाऊ द्यायची, मग मधली धार डबीत धरायची आणि शेवटची पुन्हा सोडून द्यायची. लॅबवाला डबी हातात देताना हे सांगत नाही. गर्दी असते, आणि बाईमाणसाला सांगायला संकोचही असतो. पण रिपोर्टवर ‘एपिथेलियल सेल्स भरपूर’ असं आलं तर समजा की नमुन्यात बाहेरचं मिसळलंय. त्याच रिपोर्टमधल्या वाढलेल्या पस सेल्सवर मग फारसा भरवसा ठेवता येत नाही.

पाळी चालू असताना साधी तपासणी देऊ नका, रक्त पॉझिटिव्ह येणारच. पाळी संपल्यावर तीन-चार दिवस थांबा. तपासणी थांबण्यासारखी नसेल तर पाळी चालू असल्याचं लॅबला आणि डॉक्टरला सांगा, लाजायचं कारण नाही.

भरतीच्या पोरांसाठी एक वेगळी गोष्ट. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी जोर लावून पळालात तर लघवीत प्रोटीन आणि रक्त दोन्ही दिसू शकतं, धडधाकट माणसातही. ते साधारण एक ते तीन दिवसांत आपोआप जातं. वैद्यकीयच्या आधी दोन-तीन दिवस पळणं आणि जिम बंद ठेवा. ताप असेल, उन्हात दिवसभर कांदा काढला असेल किंवा द्राक्षबागेत छाटणी केली असेल आणि पाणी कमी पडलं असेल, तरी प्रोटीन ट्रेस ते वन प्लस येऊ शकतं.

प्रोटीन किंवा अल्ब्युमिन : न दुखणारी खूण

सगळ्या ओळींमध्ये आम्ही सर्वांत जास्त महत्त्व या ओळीला देऊ. कारण जळजळ झाली तर माणूस स्वतःहून डॉक्टरकडे जातो, रक्त दिसलं तर धावत जातो. प्रोटीन गेलं तर काहीच होत नाही. फार तर लघवीला साबणासारखा टिकून राहणारा फेस येतो, आणि गावाकडच्या संडासात तो बघतो कोण!

किडनी ही चाळणी आहे. पाणी, मीठ, युरिया खाली सोडायचं आणि प्रोटीन रक्तात धरून ठेवायचं हे तिचं काम. दिवसभरात दीडशे मिलिग्रॅमपर्यंत प्रोटीन लघवीतून जाणं चालतं. चाळणीची भोकं मोठी झाली की जास्त जायला लागतं. पट्टीवर वन प्लस म्हणजे साधारण १०० मिलिलिटर लघवीत ३० मिलिग्रॅम, टू प्लस म्हणजे १००, थ्री प्लस म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास.

मग काय करायचं? ताप गेल्यावर, विश्रांतीनंतर, सकाळी उठल्याबरोबरची लघवी पुन्हा तपासायची. निल आली, बीपी आणि साखर ठीक असली, तर विषय बहुधा संपला. कॉलेजच्या वयातल्या काही उंच-किडकिडीत मुलांना दिवसभर उभं राहिल्यावर प्रोटीन जातं आणि सकाळच्या पहिल्या लघवीत काहीच नसतं. तोही आजार नाही. पण सकाळच्या नमुन्यात पुन्हा प्रोटीन आलं तर अंदाजावर राहू नका. ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’ नावाची लघवीचीच तपासणी आहे. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे चाळणी गळायला लागलीय, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, बीपी, शुगर आणि गरज पडली तर सोनोग्राफी. ही गळती तीन महिने टिकली तर डॉक्टर तिला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. हे नाव ऐकून हातपाय गाळू नका. या टप्प्यावर बीपी आणि शुगर नीट ठेवली तर पुढची घसरण पुष्कळ लांबवता येते. बीपीच्या काही गोळ्या तर लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करण्यासाठीही देतात.

शुगर आणि बीपीवाल्यांसाठी मात्र साधी पट्टी पुरेशी नाही. थोडी गळती पट्टीला दिसतच नाही. ‘अल्ब्युमिन निल’ वाचून निर्धास्त राहू नका, वर्षातून एकदा रेशोची तपासणी मागून घ्या.

आणि गुडघे दुखतात, कंबर धरली म्हणून रोज डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या खाणाऱ्यांनी, आठवड्याला ‘अंगदुखीचं इंजेक्शन’ घेणाऱ्यांनी, हे सगळं डॉक्टरला सांगा. काय काय घेता हे डॉक्टरला कळलंच नाही तर रिपोर्टचा अर्थ लागत नाही. गावठी भस्म किंवा पुडी चालू असेल तर तीही सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवून किडनी वाचत नाही.

गरोदर बाईचा रिपोर्ट वेगळ्या नजरेने बघा

इथे ‘दुसऱ्यांदा तपासू, पुढच्या आठवड्यात बघू’ चालत नाही. पाचव्या महिन्यानंतर लघवीत प्रोटीन आलं तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी आणि सोबत प्रोटीन, हे आई आणि बाळ दोघांना धोक्यात घालणाऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यात झटके येऊ शकतात. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली पोटात दुखणं, तोंडावर-हातांवर अचानक सूज यांपैकी काही असेल तर उजाडायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. ‘गरोदरपणात पाय सुजतातच’ हे आजीचं वाक्य बऱ्याचदा खरं असतं, पण बीपी मोजल्याशिवाय ते खरं मानायचं नाही.

गरोदरपणात लघवीत साखरही पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्तातली साखर ठीक असतानासुद्धा. निकाल ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या रक्ताच्या तपासणीवर लागतो. ती पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. आणखी एक : गरोदर बाईच्या लघवीत जंतू सापडले तर जळजळ नसली तरी औषध द्यावं लागतं, नाहीतर संसर्ग किडनीपर्यंत चढू शकतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे ही सगळी तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारलं की त्या सोबत येतात.

साखर : हल्ली एक नवीन घोटाळा

रक्तातली साखर १८० च्या आसपास गेली की किडनीला ती सगळी परत घेता येत नाही आणि उरलेली लघवीत उतरते. म्हणून लघवीत साखर आली तर रक्ताची तपासणी करायची. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह. त्रास नसेल तर तीही सहसा पुन्हा करून खात्री करतात. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. लघवीत साखर नाही म्हणजे मधुमेह नाही, असं नसतं. सकाळी १५० साखर असणाऱ्याच्या लघवीत काहीच दिसणार नाही.

घोटाळा असा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता भरपूर लोक घेतात. डॅपाग्लिफ्लोझिन तर २०२० नंतर स्वस्तही झाली. या गोळ्यांचं कामच साखर लघवीवाटे बाहेर टाकणं. त्या घेणाऱ्याच्या लघवीत साखर थ्री प्लस, फोर प्लस येणारच, रक्तातली साखर उत्तम असली तरी. असा रिपोर्ट बघून कुणी गोळी दुप्पट करतं, कुणी बंद करतं. दोन्ही करू नका. गोळीचं नाव लॅबला आणि डॉक्टरला सांगा. मात्र या गोळीवर असताना उलट्या होत असतील, जेवण जात नसेल किंवा कडक उपवास धरायचा असेल तर गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरला विचारा.

पस सेल्स : अँटिबायोटिकची घाई

पाचपर्यंत पस सेल्स चालतात. सहा-आठ आल्या, एपिथेलियल सेल्सही भरपूर, आणि त्रास काही नाही, तर नमुना पुन्हा द्या. जळजळ, वारंवार थोडी थोडी लघवी, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप असं असेल तर संसर्ग असू शकतो. नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर शक्यता आणखी वाढते. अशा वेळी कल्चर करायचं, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्यायचा. मेडिकलवरून तीन गोळ्या खाऊन मग कल्चर केलं तर जंतू धड सापडत नाहीत आणि धड मरतही नाहीत.

म्हाताऱ्या माणसांच्या, शुगरच्या रुग्णांच्या, नळी लावलेल्यांच्या लघवीत पस सेल्स आणि जंतू कायमच असू शकतात. त्रास नसेल तर सहसा औषधाची गरज नसते. प्रत्येक रिपोर्टला अँटिबायोटिक देत गेलं की घरात पक्के जंतू तयार होतात आणि खरी गरज पडते तेव्हा इंजेक्शनशिवाय काही चालत नाही.

पुरुषाला लघवीचा संसर्ग सहजासहजी होत नाही. झाला तर प्रोस्टेट, खडा किंवा शरीरसंबंधातून लागलेला आजार शोधावा लागतो, नुसत्या गोळ्यांवर भागवायचं नाही. लहान बाळाला ताप आहे आणि कारण सापडत नाही तर लघवी तपासून घ्याच, कारण बाळ जळजळ सांगू शकत नाही. आणि एक ओळ विसरू नका : पस सेल्स वारंवार वाढलेल्या, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. आपल्याकडे अशा वेळी किडनीच्या टीबीचाही विचार करावा लागतो. साध्या कल्चरमध्ये टीबीचा जंतू दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी असते.

लाल दिसलं की सगळंच रक्त नसतं, पण

बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होऊ शकते. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने ती नारिंगी-लाल होते, ते औषध पोटात जातंय याची खूणच म्हणा. बी-कॉम्प्लेक्सने पिवळीजर्द. या घाबरायच्या गोष्टी नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली तीन किंवा जास्त तांबड्या पेशी दिसल्या तर रक्त आहे असं धरतात. पाळी, पळणं, संसर्ग ही कारणं गेल्यावर पुन्हा तपासायचं. तरीही आलं तर सोनोग्राफी. कुशीतून जांघेकडे कळ येत असेल तर मुतखडा असू शकतो. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी भागांतल्या वाचकांनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. त्याचा नुसता वाहक असलेल्या माणसालाही कधी कधी न दुखता रक्त जातं.

आणि ज्याकडे सगळ्यांत जास्त कानाडोळा होतो ते हे. चाळिशी ओलांडलेला माणूस, बिडी किंवा सिगारेटची वर्षानुवर्षांची सवय, एक दिवस लघवी लाल झाली, दुखलं नाही, दोन दिवसांत आपोआप साफ झाली. तो म्हणतो, “उष्णता झाली होती, गेली.” न दुखता येऊन गेलेलं रक्त हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. ते थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. अशा माणसाला मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवायचंच, दुर्बिणीची तपासणी लागली तर ती करायची. लवकर सापडलेली गाठ बऱ्याचदा दुर्बिणीतूनच काढता येते.

मुलांच्या बाबतीत दुसरी खूण. घसा सुजला होता किंवा खरजेचे फोड पिकले होते, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी डोळे सुजलेले आणि लघवी चहासारखी किंवा कोलासारखी. हा किडनीचा दाह असू शकतो. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, पण बीपी वाढू शकतं म्हणून त्याच दिवशी दाखवायचं.

पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकात आरबीसी निल, असा कोड्यात टाकणारा रिपोर्टही येतो. उन्हात किंवा अति श्रमाने स्नायू फुटले तर त्यांतला रंग लघवीत उतरतो आणि पट्टी त्यालाच रक्त समजते. लघवी गडद तपकिरी, अंग कमालीचं ठणकतंय, लघवी कमी होतेय असं असेल तर थेट दवाखाना. साप चावल्यावर लघवी लाल झाली तर वेळ अजिबात घालवू नका. घोणशीच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं आणि किडनीही जाते.

बाकीच्या ओळी

कीटोन आले आणि तुम्ही एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास केला होता, किंवा उलट्या झाल्या होत्या, तर कारण तेच. शुगरवाल्याला मात्र कीटोनसोबत उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर ती घाईची वेळ आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे एक-दोन खडे सूक्ष्मदर्शकात दिसले म्हणजे मुतखडा झाला असं नाही. बिलिरुबिन पॉझिटिव्ह आलं तर कावीळ तपासायची, आधी झाडपाला नको.

एक ओळ वाचून तरुण पोरं उगाच खचतात. पुरुषाच्या रिपोर्टवर कधी ‘स्पर्मॅटोझोआ’ लिहिलेलं येतं, म्हणजे शुक्रजंतू. किंवा लघवी दुधासारखी गढूळ दिसते, ती बहुतेकदा फॉस्फेटच्या क्षारांमुळे. या दोन्हींत काही वावगं नाही. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर ‘धात जाणे, कमजोरी, खात्रीचा इलाज’ असं रंगवलेलं असतं, ते दुकान याच भीतीवर चालतं.

जायचं कुठे?

साधी लघवी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढची तपासणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आणि नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. एकलहरे, सामनगावकडच्यांना नाशिकरोडचं महापालिकेचं बिटको रुग्णालय जवळ पडतं. घरबसल्या सल्ला हवा असेल तर १०४. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसही बसतं, पण तिथवर पोचायची वेळ पुढे ढकलणं यासाठीच तर ती वन प्लसची ओळ दुसऱ्यांदा तपासायची.

जाताना जुने रिपोर्ट न्या, मोबाईलमधले सुद्धा. मागच्या वर्षी प्रोटीन निल होतं की ट्रेस, यावरून डॉक्टरला नव्या तपासणीइतकंच कळतं. चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत टाका. आणि डॉक्टरला हे विचारा : नमुना पुन्हा कधी द्यायचा, आणि तोवर कोणतं लक्षण दिसलं तर थांबायचं नाही.